अर्ध्या श्वासाचा सवाल

कापडे गावच्या कुशाबा शाहिराचा दोन गोष्टींवर मनापासून राग होता. एक भातातलं तण आणि दुसरा शर्मिलाचा मोबाईल. तण निदान उपटता तरी येत होतं.

गौरी-गणपतीच्या दिवसांत पोलादपूर-महाडच्या खोऱ्यात बाल्या नाचाची मंडळं समोरासमोर उभी राहतात. एक शिवाची बाजू घेणारं, ते तुरेवालं. दुसरं पार्वतीची बाजू घेणारं, ते शक्तीवालं. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. समोरच्याला जबाब आला नाही, तर ज्यानं सवाल टाकला त्यानं तो स्वतः सोडवून दाखवायचा, तोही आधारासकट. कुशाबा तुरेवाला. आवाज असा, की पलीकडच्या वाडीतली म्हैस मान वर करून बघे. पोथ्या-पुराणांत त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. म्हणजे शर्मिला मैदानात उतरेपर्यंत नव्हतं.

शर्मिला महाडच्या बाजूची. औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. शिफ्ट सुटली की स्कूटरला किक मारायची आणि जिथे सामना असेल तिथे हजर. गळा गोड, जीभ तिखट, आणि तिच्या मागे झील धरणाऱ्यांत एक उंच पोरगा असायचा, त्याच्या हातात झांजेऐवजी मोबाईल. गेल्या वर्षी कुशाबानं रावणाच्या आजीचं नाव विचारलं होतं. हा सवाल त्यानं एका जीर्ण पोथीतून मोठ्या मेहनतीनं खणून काढला होता. नाचणाऱ्यांच्या पायातले चाळ थांबायच्या आत शर्मिलानं आजीचं नाव सांगितलं, वर आजीच्या दोन बहिणींचीही नावं सांगितली. लोक इतके हसले की कुशाबाला पुढचा आठवडाभर दुकानात जायची चोरी झाली. कुणीही भेटला की विचारायचा, "काय शाहीर, आजी बरी हाय ना?"

तेव्हापासून कुशाबा अशा सवालाच्या शोधात होता, जो पुराणात नाही आणि म्हणून मोबाईलातही नाही. असा सवाल कुठे मिळतो हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

तो मिळाला त्याच्याच पडवीत, अळूची देठं सोलताना.

त्याची भाची प्रियदर्शिनी गणपतीला मामाकडे आली होती. तिची आई, म्हणजे कुशाबाची बहीण, महाड शहरात दिलेली. पोरगी गोव्याला समुद्राचं शास्त्र शिकत होती आणि अधूनमधून बोटीवरही जायची. ती आणि कुशाबाची बायको ठकूबाई अळू सोलत बसल्या होत्या. कुशाबा बाजूला ढोलकीच्या दोऱ्या ताणत होता. बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यानं विचारलं, "काय गो प्रिया, बोटीवर जातीस ती पकडतीस तरी काय?"

"पाणी," प्रियदर्शिनी म्हणाली.

ठकूबाईनं हातातलं देठ खाली ठेवलं. "वन्संनी पोरीला पाणी पकडायला गोव्याला धाडली? पाणी काय आपल्याकडं कमी हाय?"

"नुसतं पाणी नाही मामी, पाण्यात जे असतं ते. वनस्पतिप्लवक."

"कसला फलक?" कुशाबानं विचारलं.

मग तिनं सांगितलं. समुद्राच्या वरच्या थरात, जिथवर ऊन पोचतं तिथवर, डोळ्याला न दिसणारे हिरवे जीव तरंगत असतात. त्यांना मूळ नाही, खोड नाही, पान नाही. एका थेंबात शेकड्यांनी मावतील इतके बारीक. पण झाड जे करतं तेच ते करतात. ऊन घेतात, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यातून स्वतःला वाढवतात आणि प्राणवायू सोडतात. पृथ्वीवर जेवढा प्राणवायू तयार होतो, त्यातला साधारण अर्धा यांचा.

कुशाबाचा हात दोरीवरच थांबला. "अर्धा?"

"साधारण अर्धा."

"म्हंजे मी आता हा श्वास घेतला, त्यातला अर्धा त्या फलकाचा?"

"असं थेट म्हणता येणार नाही, कारण समुद्रातला बराचसा प्राणवायू समुद्रातच खर्च..."

"म्हणता येतंय, येतंय," कुशाबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत जे काही चमकलं ते ठकूबाईनं ओळखलं आणि देवाचं नाव घेतलं.

त्यानंतर त्यानं भाचीला सोडलंच नाही. हे जीव खातात काय, खत कुठून येतं, कुणी पेरतं का. प्रियदर्शिनीही रंगात आली. नदी डोंगराची माती घेऊन जाते ती त्यांना मिळते, म्हणाली. आपली सावित्री नदीही बाणकोटच्या मुखाशी तेच करते. आणि पावसाळ्यात वारा असा वाहतो, की किनाऱ्याजवळचं तळाचं गार पाणी वर येतं, बरोबर तळाचं खत आणतं.

"म्हंजे चिखलणी," कुशाबा म्हणाला. "खालचं वर, वरचं खाली."

प्रियदर्शिनीनं विचार केला. "हो. थोडीशी चिखलणीसारखीच."

"आणि मग ते सगळं धूर खातात."

"धूर नाही, धुरातला न दिसणारा वायू. गाड्यांचा, कारखान्यांचा, चुलीचा. आपण हवेत जो सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र घेतो. पण तो सगळा यांच्यामुळे नाही, पुष्कळसा नुसता पाण्यात विरघळतो. आणि हे जीव जे घेतात, तेही सगळं तळाला जात नाही. त्यांना बारीक कीटकांसारखे प्राणी खातात, त्या प्राण्यांना मासे खातात. ते श्वास सोडतात, तो वायू परत पाण्यात, पाण्यातून हवेत. जे मरून बुडतं, किंवा प्राण्यांच्या विष्ठेतून बुडतं, त्यातलंही वाटेत कुजतं. अगदी तळाशी पोचतो तो शंभरातला एखादाच भाग."

"विष्ठा," ठकूबाई म्हणाली. "अळू सोलताना."

कुशाबाला विष्ठेचं काही वाटलं नव्हतं. त्याला खटकला होता तो शंभरातला एखादा भाग. "असं कसं गो? शाहिरानं डफावर थाप मारायची, छाती पुढं काढायची आणि सांगायचं काय, तर शंभरातला एक? लोक नारळ फेकून मारतील."

"मग खोटं गाणार?"

"खोटं नाय गो पोरी. मोठं."

"मामा, त्यात फरक आहे का?"

"शाहिरीत हाय." आणि तो ढोलकी तशीच टाकून भाताच्या बांधावर निघून गेला. चाल त्याला नेहमी बांधावर सुचायची. संध्याकाळपर्यंत बांधावरून कधी गुणगुण, कधी शिव्या ऐकू येत राहिल्या. शिव्या 'प्लवक' या शब्दाला होत्या. तो कुठल्याच चालीत बसेना. शेवटी त्यानं तो गाण्यातून काढूनच टाकला.

रात्री जेवताना प्रियदर्शिनीनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं. "मामा, निदान 'थोडासा' हा शब्द तरी घाला."

"तुझ्या बोलण्यात एक तरी वाक्य सोताच्या पायावर उभं हाय काय?" कुशाबा म्हणाला. "साधारण, थोडंसं, बऱ्यापैकी. बाजारात गेलीस तर भाजीवालीला काय सांगशील? साधारण पाव किलो, थोडीशी मिरची?"

"तसंच सांगते," प्रियदर्शिनी म्हणाली, आणि विषय तिथे संपला.

सामना गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी देवळापुढच्या मोकळ्या जागेत होता. पावसानं उघडीप दिली होती. मुंबईहून आलेले लोक खुर्च्यांवर, गावातले पायऱ्यांवर, बायका देवळाच्या ओसरीत. पंच म्हणून येसाजी बसले होते. ते स्वतः जुने तुरेवाले, पण पंचाच्या खुर्चीत बसले की सख्ख्या भावालाही ओळख दाखवत नसत. कुशाबाच्या ढोलकीवर दीपक होता. दीपक मुंबईत लिफ्ट दुरुस्त करायचा आणि गणपतीला न चुकता यायचा. त्यानं ढोलकी मांडीवर घेतली आणि म्हणाला, "टेन्शन घेऊ नका काका. आज फुल करंट हाय."

शर्मिला आली तीच हसत. "शाहीर, आजी बरी हाय ना?"

कुशाबा नुसता हसला. शर्मिलाला ते हसू आवडलं नाही.

गण झाला, गवळण झाली. शर्मिलानं पहिला सवाल टाकला तो कुशाबानं उभ्याउभ्या सोडवला. मग त्याची पाळी आली. त्यानं फेट्याचा शेमला मागे टाकला, कानावर हात ठेवला आणि आवाज सोडला.

"डोळा नाही, पाय नाही, मूळ नाही ज्याला,
शेत त्याचं अथांग, पण बांध नाही त्याला,
तुझ्या नाकी श्वास गेला, अर्धा त्यानं दिला,
सांग गो शक्ती, असा शेतकरी कुठं पाहिला?"

झील धरणाऱ्यांनी शेवटची ओळ उचलली, नाचणाऱ्यांनी पाय आपटले, आणि शर्मिलानं मागे बघितलं. उंच पोरगा मोबाईलात बोटं मारत होता. त्यानं विचारलेलं मोबाईलला समजलं, पण मोबाईलनं जे समजून घेतलं ते निराळंच होतं. आधी त्यानं प्राणायामाचे वर्ग दाखवले. मग दम्याचं औषध. मग शेतकऱ्यांसाठीच्या योजना. पोरगा घामाघूम झाला.

शर्मिला कसलेली होती. तिनं वेळ काढायला एक लांबलचक ओवी लावली, तिच्यात पंचांना नमस्कार केला, गावदेवीला केला, कापड्याच्या भातालाही केला. मग वाऱ्याचं नाव घेऊन बघितलं. कुशाबानं नकारार्थी मान हलवली. चंद्राचं घेतलं. तेही नाही. नाचाची फेरी संपली तसे तिनं दोन्ही हात जोडले. "शाहीर, नाय सुटला. तुम्हीच सोडवा."

असं ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. देवळाच्या पायऱ्यांवरून शिट्ट्या आल्या. कुशाबानं जरा वेळ त्या ऐकून घेतल्या, मग जबाब लावला.

"दर्यामधी हिरवा जीव, डोळ्यांना ना दिसे,
ऊन खाई, धूर पिई, पाण्यावरी वसे,
साऱ्या जगाचा धूर गिळुनी तळाशी तो बसे,
तुऱ्याचा हा शेतकरी, शक्तीला ना पुसे."

"आधार?" येसाजींनी विचारलं.

"ही बसली माझी भाची," कुशाबानं ओसरीकडे बोट दाखवलं. "गोव्याला दर्याचं शास्त्र शिकते. बोटीवरनं सोताच्या डोळ्यांनी बघून आलीय."

सगळ्यांच्या माना ओसरीकडे वळल्या. प्रियदर्शिनीनं ओढणी चेहऱ्यावर घेतली. लाजून नव्हे, तिसरी ओळ ऐकून.

शर्मिला खाली बघत उभी होती. हरलेली बाई जशी उभी राहते तशी नव्हे, हिशोब लावणारी जशी उभी राहते तशी. ओठ हलत होते. मग तिनं आपल्या ढोलकीवाल्याला खूण केली.

"सारा धूर गिळुनी म्हणता तळाशी तो निजतो,
सांगा शाहीर, मग मासा काय खाऊन जगतो?
सारा धूर तळाला, तर उन्हाळा का भाजतो?
तुऱ्याचा हा शेतकरी कामावर कधी येतो?"

आधी बायका हसल्या. मग पायऱ्या हसल्या. मग मुंबईच्या खुर्च्या. येसाजी पंच होते म्हणून त्यांनी तोंडावर उपरणं धरलं, पण खांदे हलत होते.

कुशाबाच्या डोक्यात जे आलं ते एवढंच, की या बाईनं विचारलंय ते बरोबर आहे. पडवीत बसून भाचीनं हेच सांगितलं होतं, खाणारे कोण, परत जातं किती, सगळं. त्याला ते शब्दसुद्धा आठवत होते. पण ते सुरात कसे आणायचे हे सुचेना. त्यानं कानावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि नुसता "जी जी जी" एवढाच आवाज बाहेर आला.

"पोर सांगत होती तवा बांधावर पळालास," ओसरीतून ठकूबाईचा आवाज आला. तो हळू नव्हता.

"पंच," शर्मिला म्हणाली, "शाहिरांनी आधार म्हणून जिचं नाव घेतलं, तिलाच बोलवा. मला खरंच ऐकायचंय."

येसाजींनी मान डोलावली. प्रियदर्शिनी उठली. ती उठली कारण न उठणं जास्त वाईट दिसलं असतं. मैदानाच्या मधोमध येऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला गाता येत नाही."

"बोला हो ताई," दीपक म्हणाला. "ताल मी सांभाळतो." आणि त्यानं हलकेच ठेका धरला.

"समुद्रातले हे जीव," प्रियदर्शिनीनं सुरुवात केली, "जगातला साधारण अर्धा प्राणवायू तयार करतात."

मैदानात नियम असा, की मधे उभं राहून कुणी ओळ टाकली की मागच्यांनी झील धरायची. ती ओळ कसली आहे हे बघायचं नसतं. कुशाबाचे गडी वर्षानुवर्षं हेच करत आले होते. त्यांनी एका सुरात उचललं, "साधारण अर्धा हो, साधारण अर्धा..."

प्रियदर्शिनी दचकली. पण थांबायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं. "पण हे प्रमाण सगळीकडे सारखं नसतं, प्रदेशानुसार बदलतं."

"प्रदेशानुसार बदलतं जी, प्रदेशानुसार बदलतं..." आणि नाचणाऱ्यांनी त्यावर असे काही पाय मारले, की लहान मुलं खुर्च्यांवरून उठून नाचायला लागली. खुर्च्यांवरचा एक पाहुणा डोळे पुसत होता. कुशाबा कपाळाला हात लावून उभा होता.

पण तेवढ्यात काहीतरी झालं. ढोलकीचा ठेका प्रियदर्शिनीच्या पायात उतरला असावा. ती मामाकडे बघायचं सोडून शर्मिलाकडे बघून बोलायला लागली, आणि वाक्यं आपोआप आखूड झाली.

"ते वाढतात, त्यांना बारीक प्राणी खातात." झील. "त्यांना मासे खातात." झील. "माशाचा श्वास पाण्यात जातो, पाण्यातून परत हवेत जातो." झील. "शंभर भाग घेतले तर नव्व्याण्णव भाग फिरत राहतात." इथे दीपकनं एक मोठी थाप दिली आणि ठेका थांबवला. तिला शांततेतच बोलावं लागलं. "एवढासाच जातो तळाशी."

"एवढासाच जातो तळाशी," झील धरणारे म्हणाले. का कोण जाणे, त्यांनी ते हळू आवाजात म्हटलं.

"पण तो गेला की शेकडो, हजारो वर्षं वर येत नाही. तो एवढासा जात नसता तर हवेत हा वायू आजच्याहून कितीतरी जास्त असता. आपण जितका धूर काढतो तितका त्यांना झेपत नाही. म्हणून उन्हाळा भाजतो. काम ते रोज करतात. आपणच त्यांच्यापुढे कामाचा डोंगर टाकलाय."

एवढं बोलून ती ओसरीत जाऊन बसली. टाळ्या जरा उशिरानं आल्या, पण आल्या त्या चांगल्या भरघोस आल्या. कुशाबानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो पुटपुटत होता. एवढासाच जातो तळाशी. ओळ अगदी सुरात होती. संध्याकाळपर्यंत बांधावर शिव्या देत फिरला, आणि ओळ पोरीच्या तोंडात होती.

निकाल द्यायला येसाजींनी बराच वेळ घेतला. "सवाल तुऱ्यानं जिंकला," ते म्हणाले. "शक्तीला तो सुटला नाय. पण जबाब तुऱ्याचा चुकला, आणि चूक शक्तीनं पकडली. तेव्हा नारळ मी कुणाला एकट्याला देणार नाय." त्यांनी मानाचा नारळ पायरीवर आपटला, एक भकल कुशाबाला दिली, एक शर्मिलाला, आणि पाणी वाटीत धरलं होतं ते ओसरीत प्रियदर्शिनीकडे पाठवलं.

भांडण खरं तर तिथेच संपायचं. पण चहा पिताना शर्मिला म्हणाली, "एक राहिलं शाहीर. तुम्ही त्याला शेतकरी म्हणालात. सगळ्या जगाला श्वास देतो, माशांच्या पोरांना भरवतो, तो बाप्या कसा असेल? ती शेतकरीण. ती शक्तीच."

"राबतो कोण शेतात?" कुशाबा म्हणाला.

"लावणी कोण करतं शेतात?" ठकूबाईनं चहा ओतता ओतता विचारलं, आणि कुशाबाला कळलं की घरातही आता दोन पक्ष झालेत.

"बघायलाच पाहिजे," शर्मिला म्हणाली. "ताई, दिसतील का हो कुठं?"

प्रियदर्शिनीनं सांगितलं, समुद्रातले इथे कुठून दिसणार, पण त्यांचे नातेवाईक गोड्या पाण्यातही असतात. भाताच्या खाचरातसुद्धा. तिच्याकडे मोबाईलला लावायचं एक छोटं सूक्ष्मदर्शक आहे. उद्या सकाळी निघायच्या आधी दाखवीन.

शर्मिलाची दुसऱ्या दिवशी दुपारची शिफ्ट होती. ती सकाळीच स्कूटर घेऊन हजर झाली. कुशाबा आधीच खाचरात पोटरीभर पाण्यात उभा होता, जणू काही त्याला कामच होतं. रात्रभर गावात प्रदेशानुसार बदलण्याचीच चर्चा चालली होती. दुकानदारानं साखरेचा भाव विचारणाऱ्यालाही तेच सांगितलं होतं. कुशाबाला आज त्याचं काही वाटत नव्हतं.

प्रियदर्शिनीनं भाताच्या चुडाजवळचं जरासं शेवाळ उचललं, काचेवर एक थेंब ठेवला आणि मोबाईल त्यावर धरला. "या," ती म्हणाली.

शर्मिला आधी वाकली. मग म्हणाली, "होडीसारखं हाय एक. आणि हे लांबट, त्यावर रेघा रेघा. कोणी कोरलंय जसं."

"ती काचेची पेटी असते," प्रियदर्शिनी म्हणाली. "स्वतःभोवती बांधतात."

कुशाबा बघायला आला तेव्हा त्याच्या मिशा थेंबाला लागायच्या बेतात होत्या. पडद्यावर सोनेरी-हिरवी होडी हळूच सरकत होती. कुणी ढकलत नव्हतं, वल्हं नव्हतं. इतकी वर्षं याच पाण्यात उभा राहून त्यानं चिखल तुडवला होता, तण काढलं होतं, चाली लावल्या होत्या. त्याला एकदम आपले पाय फार मोठे वाटले. त्यानं ते न हलवता विचारलं, "हे खाली दोन चिकटलेले हायत, त्यातला बाप कोण?"

"बाप नाही."

शर्मिलानं मान ताठ केली.

"आईसुद्धा नाही," प्रियदर्शिनी म्हणाली. "एक असतो, तो मधोमध फुटतो, दोन होतात. हे दोन आत्ताच, कदाचित पहाटे, एकच होते. बहुतेक वेळा असंच असतं. कधीकधी निराळंही असतं."

"प्रदेशानुसार," कुशाबा म्हणाला.

"जातीनुसार," प्रियदर्शिनी गंभीरपणे म्हणाली. मग तिलाच हसू आलं.

शर्मिला काठावर बसली. नर नाही, मादी नाही. शिवही नाही, शक्तीही नाही. पिढ्यान् पिढ्या दोन बाजूंनी गळे ताणले होते, आणि हा मधोमध फुटून मोकळा होतो. तिनं कुशाबाकडे बघितलं. कुशाबानं तिच्याकडे. मग दोघांनीही ते हसण्यावारी नेलं.

"परत एकदा बघू," शर्मिला म्हणाली. मग कुशाबा म्हणाला, मी नीट बघितलं नाय. मग ठकूबाई हात पुसत आली. तिनं बघितलं आणि विचारलं, हे आमच्या भातातनं पोटात तर जात नाय ना. मग पुन्हा शर्मिला. खालच्या रस्त्यावरून पोलादपूरची एसटी हॉर्न देत गेली, आणि तिचा धूर विरल्यावर प्रियदर्शिनीला आठवलं की आपण त्याच एसटीनं जाणार होतो.

"मी सोडते स्टँडवर," शर्मिला म्हणाली. "तिथून मला कंपनीलाच जायचंय."

ठकूबाईनं अळूवड्यांचा डबा दिला, वन्संसाठी काकड्या दिल्या. कुशाबानं भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला सांगायचं होतं, की तू म्हणालीस तसं गाणं मी करीन, एवढासाच घालीन, साधारणसुद्धा घालीन. पण तो "जा सांभाळून," म्हणाला. "पुढच्या टायमाला बाटलीभर दर्याचं पाणी घेऊन ये."

स्कूटर निघाली. पहिल्या वळणावरच शर्मिलानं आवाज लावला. मागे बसलेली प्रियदर्शिनी हसत होती, हे कुशाबाला लांबूनही दिसलं. नवीन सवाल होता, हे त्यानं पहिल्या दोन ओळींतच ओळखलं. एक फुटला, दोन झाले, बाप कुणाचा, आई कुणाची, असं काहीसं. तिसरी ओळ वळणाआड गेली. चौथी वाऱ्यानं नेली.

कुशाबा रस्त्यापर्यंत धावला, पण स्कूटर पार दिसेनाशी झाली होती. तो बांधावर येऊन बसला आणि ऐकलेल्या दोन ओळींवरून उरलेल्या दोन कोणत्या असतील याचा विचार करू लागला.